‘टेन्शन नको घेऊ’ने भागत नाही

महोदय,
केळीवर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला, कापसाचा भाव पडला की रावेर-यावलकडे झोप उडालेल्या माणसाला पारावर एकच सल्ला मिळतो: ‘टेन्शन नको घेऊ भाऊ.’ जणू ते त्याच्या हातात आहे! ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे संप्रेरक सुटते (१९८१ साली शास्त्रज्ञ वायली वेल यांच्या चमूने त्याची रचना उलगडली), मग मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जागी होते, शेवटी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक सुटते. पुरेसे झाले की कॉर्टिसॉलच मेंदूला ‘आता पुरे’ म्हणते. नैराश्याच्या अनेक रुग्णांत हा लगाम सैल पडलेला आढळतो. सीआरएच भीती सांभाळणाऱ्या अमिग्डाला या मेंदूच्या भागातही काम करते. शेतकरी मेळाव्यांत फवारणीच्या वेळापत्रकाशेजारी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावायला काय हरकत आहे?

– एक वाचक, फैजपूर (जि. जळगाव)