ग्राझच्या जंगलात जाण्याआधी

बांदा, २ फेब्रुवारी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

ईस्टरच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर डोंगरात जाणार म्हणालीस. थंडीचे कपडे किती नेशील ते विचारत नाही. गोचीडाचं विचारते.

हसू नकोस. २०१६-१७ साली दोडामार्गात नि आपल्याकडे गोचीडांमुळे होणारा माकडताप आला, तेव्हा बाबा काजूच्या बागेत जाताना आरोग्य खात्याचं तेल हातापायांना चोळून जायचे. घरभर वास! ऑस्ट्रियातल्या गोचीडांमधून पसरणारा मेंदूज्वर या माकडतापाचाच भाऊबंद आहे. दोन्ही विषाणू एकाच कुळातले. तिथली रानं कितीही नीटनेटकी दिसोत, गवतात गोचीड असतोच. तुझं ग्राझ ज्या स्टायरिया प्रांतात आहे, तिथे हा आजार आहे. बर्फ वितळलं की गोचीड जागे होतात, ते पार नोव्हेंबरपर्यंत.

या मेंदूज्वरावर नेमकं औषध नाही, पण लस आहे. तिथे १९८१ पासून लोकांना ती टोचून घ्या म्हणून मोहीम चालते. एरवी दोन डोसांत एक ते तीन महिन्यांचं अंतर असतं. घाई असेल तर दुसरा दोन आठवड्यांनीही देतात, म्हणजे तुझं ईस्टरचं जमेल. तिसरा मात्र पाच ते बारा महिन्यांनी. तो विसरायचा असतो असं समजूनच लोक विसरतात, म्हणून आत्ताच वहीत लिही. पुढचा बूस्टर तीन वर्षांनी.

लस घेतलीस तरी लाइम नावाच्या आजारासाठी तिचा उपयोग नाही. तोही गोचीडाचाच आजार, पण जीवाणूंचा. चाव्याभोवती लाल वर्तुळ पसरत गेलं तर डॉक्टरकडे जा, अँटिबायोटिकने बरा होतो. म्हणून फिरून आलीस की काखा, गुडघ्यामागची जागा, केसांची कड बघ. गोचीड सापडला तर आजीसारखं रॉकेल लावू नकोस. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढ. लाइमचे जीवाणू अंगात शिरायला बहुधा दिवसभर लागतो, तेव्हा लवकर काढलेला बरा. मेंदूज्वराचा विषाणू मात्र चावताक्षणीच शिरतो, म्हणून तर लस.

आणि डोंगरातल्या गोठ्यात कुणी प्रेमाने शेळीचं कच्चं दूध दिलं तर नको म्हण. हा मेंदूज्वर दुधातूनही येतो.

गोवराचे दोन्ही डोस तुला झालेत, कार्डाचा फोटो पाठवते. मेंदूज्वराच्या लसीचा पहिला डोस कधी घेतेस ते रविवारच्या फोनवर सांग.

तुझी,
आई