उत्तर बरोबर, तरी चूक?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला मुलांच्या गणितावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. मुलांना पाढे येत नाहीत, मोबाईलने वाट लावली, आमच्या वेळी पावकी-निमकी-दिडकी तोंडपाठ असायची वगैरे वगैरे. माझे सासरेसुद्धा अडीचकी घडाघडा म्हणतात, मला कौतुकच आहे त्यांचं, पण त्यांच्या लहानपणी रुपया सोळा आण्यांचा होता, १९५७ मध्ये दशमान नाणी आली त्याच्या आधीचं ते शिक्षण, आणि पाव-निम-दीडचा हिशोब तेव्हा दुकानात रोज लागायचा. पाढे पाठ असावेत, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण मुलं गणितात कुठे अडकतात ते बघायचं असेल तर तिसरीतल्या मुलाची वही उघडावी लागते, आणि ती तुमच्या लेखकांनी उघडलेली दिसत नाही.

मी उघडली. माझा मुलगा तिसरीत आहे, सेमी इंग्लिशला, शाळेचं नाव लिहीत नाही. वर्गपाठात ५२ वजा ३८ होतं. त्याने बाजूला ३८, ४०, ५०, ५२ असं एका ओळीत लिहून मध्ये छोट्या कमानी काढल्या, कमानींवर २, १०, २ लिहिलं आणि उत्तर १४. बरोबर आहे ना? तर त्याच्यावर लाल पेनाने मोठी फुली आणि खाली शेरा, 'पद्धत चूक'. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, तो माझ्याबरोबर बाजारात येतो तिथे बघून शिकला असणार. आमच्या भांडुप स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या मावशी असाच हिशोब करतात, एकशे बासष्टची भाजी झाली आणि दोनशेची नोट दिली की आधी आठ रुपये हातावर ठेवून म्हणतात एकशे सत्तर, मग दहाच्या तीन नोटा, झाले दोनशे. त्यांची कधी चूक झालेली मी तरी बघितली नाही.

शाळेत जाऊन बाईंना भेटले. बाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण त्या म्हणाल्या की हातचा घेऊनच करायचं, पेपरात स्टेप्सना मार्क असतात, प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने केलं तर मी तपासू कसं. मी गप्प बसून घरी आले. त्यानंतर पोराने स्वतःच्या डोक्याने करणंच सोडून दिलं. परवा ५०३ वजा २६७ दिलं तर थांबून विचारतो, "आई, हातचा कुठून घेऊ, शेजारी तर शून्य आहे." मग त्याने काय केलं तर प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, ७ मधून ३, ६ मधून ०, ५ मधून २, उत्तर ३६४. आणि ते त्याला जराही खटकलं नाही! पाचशेतून नुसते दोनशे गेले तरी तीनशेच उरतात, मग उत्तर ३६४ येईलच कसं, हे आधी त्याच्या लगेच लक्षात आलं असतं. शेवटी काड्या घेऊन बसलो, शंभराचा एक गठ्ठा सोडून दहा-दहाच्या दहा जुड्या केल्या, त्यातली एक जुडी सुटी केली, तेव्हा कुठे हातचा म्हणजे काय ते त्याला दिसलं. उत्तर २३६ आलं आणि ते त्याने आपणहून उलट बेरीज करून तपासलं. मला हातच्याची पद्धत नको असं नाही, उलट हवीच आहे, फक्त ती कळून यावी आणि मुलाने स्वतः शोधलेलं पुसून टाकून येऊ नये.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलाचा विचार गणिती व्हावा हेच गणित शिक्षणाचं मुख्य उद्दिष्ट म्हटलंय. २०२१ ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधा हिशोब करता यावा म्हणून २०२६-२७ ची मुदतसुद्धा ठरली. कागदावर सगळं छान आहे. पण आमच्या बाईंच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत आणि शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. वर त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम शिक्षकांना देता येतं अशी सूट, त्यामुळे बाई मध्येच इलेक्शन ड्युटीवर जातात आणि परत आल्यावर पोर्शन पळवतात. पन्नास वह्यांमधल्या कमानी बघायला त्यांना वेळ कुठून मिळणार, हे मला कळतं, म्हणूनच राग बाईंपेक्षा ह्या व्यवस्थेचा जास्त येतो. तुमच्या लेखात ह्यावर एक ओळ नाही, सगळा दोष मुलांचा आणि मोबाईलचा.

आणि 'असर' ह्या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा जो आकडा तुम्ही चौकटीत मोठ्या अक्षरात छापलाय, २०२४ ला तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांनाच वजाबाकी आली तो, तो देशभरातल्या ग्रामीण भागातल्या मुलांचा आहे. मुंबईतली मुलं त्या पाहणीत नाहीतच. मुंबईच्या शाळांवर लेख लिहिताना निदान हे तरी सांगायचं.

जाता जाता अजून एक. रविवारच्या पुरवणीत लहान मुलांसाठी आकड्यांची कोडी यायची, माझा मुलगा आणि त्याची ताई जमिनीवर पेपर पसरून ती सोडवत बसायचे. आता तिथे अबॅकस क्लासची पानभर जाहिरात असते. जाहिराती तुम्हाला लागतात हे मान्य, पण अर्धं पान तरी कोड्यांना परत द्या, आणि उत्तरं त्याच अंकात उलटी न छापता पुढच्या रविवारी द्या.

आपली,
एक पालक, भांडुप (पूर्व)