उद्या रात्री ९ ला तालमीत उमेदवाराबरोबर बैठक, आठवण

मंडळी नमस्कार, परवा टाकलेला मेसेज निम्म्या लोकांनी बघितलाच नाही म्हणून परत टाकतोय. उद्या रात्री ९ वाजता आपल्या प्रभागातले उमेदवार तालमीत येणार हाईत, भाषण करायला नाही, निवडून आल्यावर पहिलं काय करणार ते सांगायला. मी त्यांचं पत्रक वाचलंय, पहिला मुद्दा चप्पल कारागिरांचा. २०१९ ला कोल्हापुरी चप्पलला जीआय, म्हणजे ही वस्तू ह्याच भागातली असं सांगणारं सरकारी मानांकन, मिळालं पण त्याचा फायदा घरात बसून शिवणाऱ्याला किती झाला ते तुम्हीच सांगा, दुकानात चप्पल ज्या भावानं जाते आणि कारागिराच्या हातात जे पडतं त्यात लई फरक हाय, म्हणून कारागिरांसाठी विक्रीचे गाळे आणि महिलांना ट्रेनिंग असं त्यांनी लिहिलंय. गाळे नेमके कुठं ते मात्र लिहिलं नाही, विचारायचंच.

दुसरा पूर. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पंचगंगेनं काय केलं ते विसरलेलं नाही कुणी, नाल्यावरचं बांधकाम हलवणार म्हणतात, बघू. उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांसाठी आणि आयटीआयच्या पोरांसाठी पण काहीतरी हाय, पण ते दोनच ओळीत उरकलंय.

बायकांनी पण यायचं, मागच्या वेळी चारच जणी होत्या. प्रश्न आधी ग्रुपवर टाका, तिथं येऊन भांडू नका. फोटो काढायला हार-तुरे आणायचे नाहीत, चहाची सोय मंडळाकडून.