नातवाचे नाव शमुवेल

अहिल्यानगर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझे पत्र गुरुवारी मिळाले. नातू झाल्याचे फोनवर कळलेच होते, पण त्याचे नाव शमुवेल ठेवण्याचे घाटते आहे हे पत्रातून समजले आणि मन भरून आले. माझ्या आजोबांचे हेच नाव होते, हे तुला ठाऊक आहेच. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. जावईबापूंनी या नावाचा अर्थ ‘देवाने ऐकले’ असा कुठेतरी वाचला आणि तुमच्या पाळकसाहेबांनी ‘देवाजवळ मागितलेला’ असा सांगितला, तर यांतला खरा कोणता? आणि जन्मदाखल्यावर शमुवेल लिहावे की सॅम्युएल? दोन्ही प्रश्नांवर गेले तीन दिवस विचार करतो आहे, म्हणून पत्र लांबणार आहे.

आधी बायबलातल्या शमुवेल संदेष्ट्याच्या आईची, हन्नेची, गोष्ट पुन्हा एकदा वाचून पाहा, म्हणजे पाळकसाहेबांचा अर्थ कुठून आला ते दिसेल. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे सोसणारी ही बाई शिलो येथे परमेश्वरापुढे नवस करते. आपल्या मराठी बायबलात ‘नवस’ हाच शब्द आहे आणि तो मला नेहमी फार योग्य वाटतो, कारण नवसाचे मूल म्हणजे काय हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ती मनातल्या मनात प्रार्थना करते, तिचे ओठ हलतात पण आवाज ऐकू येत नाही, आणि एली याजकाला वाटते की ही दारू प्यायलेली आहे. पुढे मुलगा होतो आणि ‘मी याला परमेश्वराजवळ मागून घेतले’ असे म्हणून ती त्याचे नाव शमुवेल ठेवते.

अडचण इथेच सुरू होते. हिब्रू भाषेत ‘मागणे’ या क्रियापदाचा धातू ‘शाअल’ आहे आणि त्यापासून सरळ जे नाव बनते ते शमुवेल नव्हे, तर शौल. शौल म्हणजे ‘मागितलेला’. ज्याला पुढे याच शमुवेलाने तेलाचा अभिषेक करून इस्राएलाचा पहिला राजा केले, त्या शौलाचे ते नाव. गंमत म्हणजे हन्ना मुलाला शिलोच्या मंदिरात आणून सोडते तेव्हाच्या तिच्या वाक्यात, म्हणजे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातल्या अठ्ठाविसाव्या वचनात, हिब्रूत अक्षरशः ‘शौल’ हाच शब्द येतो. त्यामुळे ही जन्मकथा मुळात शौलाची असावी आणि नंतर शमुवेलाला जोडली गेली असावी, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. इतरांना ते पटलेले नाही आणि मलाही पटत नाही. शिलोचे मंदिर, एली, मुलाला देवाच्या सेवेला वाहणे, हे सगळे शमुवेलाच्या आयुष्याशी इतके घट्ट विणलेले आहे की ते उसवून दुसऱ्याच्या अंगाला शिवता येणार नाही.

आता जावईबापूंचा अर्थ. ‘ऐकणे’ या हिब्रू धातूच्या शेवटी ‘आयिन’ नावाचे घशातून उच्चारायचे अक्षर असते. इश्माएल या नावात ते आहे आणि त्या नावाचा अर्थ ‘देव ऐकतो’ असा आहे. लेआच्या मुलाच्या, म्हणजे शिमोनाच्या, नावातही ते आहे. शमुवेल हे नाव मात्र शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद या पाच अक्षरांत लिहितात आणि त्यांत आयिन नाही. ते वापरात झिजून गेले असे मानायचे तर मानता येते, पण अक्षरांचा पुरावा त्या बाजूने नाही.

मग अक्षरे काय सांगतात? ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव. मधला ‘उ’ हा बहुधा भाषेच्या जुन्या विभक्तिप्रत्ययाचा अवशेष आहे. याला आधार असा की, याकोबाने देवाशी झुंज घेतली त्या ठिकाणाचे नाव उत्पत्तीच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात एका वचनात पनीएल आणि लगेच पुढच्या वचनात पनुएल असे आले आहे, आणि दोन्हींचा अर्थ ‘देवाचे मुख’ असाच आहे. त्याच धर्तीवर शमुवेल म्हणजे ‘देवाचे नाव’. त्या ‘उ’चा अर्थ ‘त्याचे’ असा घेणारे ‘त्याचे नाव एल आहे’ असे वाचतात. शिवाय हे नाव एकट्या या संदेष्ट्याचे नव्हते. गणनेच्या पुस्तकात शिमोन वंशातल्या एका सरदाराचेही हेच नाव आहे. म्हणजे नाव आधीपासून प्रचारात होते आणि हन्नेने त्याला स्वतःचा अर्थ दिला.

म्हणून पाळकसाहेब चुकले असे मी म्हणणार नाही. नाव ठेवताना आई व्याकरण पाहत नाही. ज्या शब्दाच्या नादात तिला आपले दुःख आणि आपले मागणे ऐकू आले, तो शब्द तिने उचलला. आणि ऐकण्याचा अर्थ अक्षरांत नसला तरी कथेत मात्र ओतप्रोत आहे. हन्नेचा आवाज ऐकू येत नव्हता असे जिथे म्हटले आहे, तिथे ‘ऐकणे’ हेच क्रियापद आहे. तिसऱ्या अध्यायात रात्री दिवा अजून विझलेला नसताना मुलाला हाक ऐकू येते, तो तीनदा उठून एलीकडे धावतो, आणि शेवटी ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ असे म्हणतो, तिथेही तेच क्रियापद आहे. माणसाला जो आवाज ऐकू आला नाही तो देवाने ऐकला, आणि त्यातून जन्मलेला मुलगा देवाची हाक ऐकायला शिकला. तेव्हा नातवाला तिन्ही अर्थ सांग. फक्त कोणता अक्षरांचा, कोणता आईचा आणि कोणता कथेचा, ते वेगळे करून सांग.

हन्नेची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मुलगा शिलोला राहू लागल्यावर ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेत असे. वर्षातून एकदाच भेट, म्हणजे पोर वर्षभरात किती वाढले असेल याचा तिला घरी बसून अंदाज करावा लागत असणार. अख्ख्या शमुवेलाच्या पुस्तकात मला सगळ्यांत जवळचे वाटणारे वचन ते आहे.

नावाचा पुढचा प्रवास तुझ्या दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे. ग्रीक भाषेत ‘श’ हा ध्वनी नाही. त्यामुळे शास्त्रलेख ग्रीकमध्ये उतरले तेव्हा हिब्रू उच्चारातल्या ‘श्मुएल’चा ‘सामुएल’ झाला, तोच लॅटिनने घेतला आणि पुढे साऱ्या युरोपात गेला. बल्गेरियात १०१४ साली वारलेला झार सामुइल आणि त्याचे तीन भाऊ यांची नावे दावीद, मोशे, अहरोन आणि शमुवेल अशी होती. म्हणजे त्यांच्या आईवडिलांनी पाळण्याजवळ जुना करारच उघडून ठेवला असावा. इंग्लंडात प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर जुन्या करारातली नावे घरोघर आली आणि त्यांत हे नाव फार रुजले. तारायंत्राच्या मोर्सचेही नाव तेच. आर्मेनियात त्याचे ‘साम्वेल’ झाले. अरबस्तानात इस्लामपूर्व काळात समौअल नावाचा एक यहुदी कवी होऊन गेला. विश्वासाने ठेवायला दिलेली चिलखते शत्रूच्या हाती देण्याऐवजी त्याने पोटचा मुलगा गमावला, अशी त्याची कथा सांगतात, आणि ‘समौअलाहून इमानी’ ही म्हण अरबीत त्याच्यावरून पडली.

आपल्याकडे मात्र हे नाव मिशनऱ्यांच्या कितीतरी आधीपासून आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी लोकांनी, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांनी, आपली नावे तानाजी-सूर्याजींच्या वळणाने घडवली होती. शमुवेलाचे सामाजी, यहेज्केलाचे हसाजी, मोशेचे मुसाजी. इंग्रजांच्या फौजेत असलेले सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवीला बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याचे नाव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. तिथला रस्ता सॅम्युएल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो, आणि शेजारच्या मशीद बंदर स्थानकाला ते नाव या मंदिरावरूनच पडले असे सांगतात. सामाजी हे नाव मी मोठ्याने उच्चारून पाहिले. त्यात परकेपणाचा लवलेशही नाही.

आता दाखल्याविषयी. माझे मत स्पष्ट आहे: शमुवेल लिही. हिब्रूतला ‘श’ ग्रीक-लॅटिन वाटेवर हरवला, तो मराठीत परत मिळाला आहे आणि तो आपण हातचा घालवू नये. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले, ते मूळ शब्दापर्यंत पोहोचावे म्हणूनच. दुसरे कारण व्याकरणाचे आहे. शमुवेल मराठीत सहज चालतो: शमुवेलाने, शमुवेलाकडे, आणि हाक मारताना ‘शमुवेला’. सॅम्युएलला असे वाकवता येत नाही. इंग्रजी रकान्यात खुशाल सॅम्युएल लिहा, त्याला माझी हरकत नाही.

मात्र लिहून घेणाऱ्याच्या समोर उभा राहून अक्षर न् अक्षर तपास. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर कोण्या कारकुनाने ‘श्यामवेल’ लिहिले आणि ते जन्मभर त्यांच्या मागे लागले. निवृत्तिवेतनाच्या वेळी ‘श्यामवेल आणि शमुवेल ही एकाच इसमाची नावे आहेत’ असे प्रतिज्ञापत्र त्यांना करून द्यावे लागले. घरातल्या बायबलाच्या पहिल्या कोऱ्या पानावर मात्र पणजोबांनी टाकाने, निळ्या शाईत, स्वच्छ वळणदार अक्षरात ‘शमुवेल’ लिहिलेले आहे. शाई आता तपकिरी पडली आहे, पण ‘श’ची गाठ अजून ठळक दिसते. तेव्हा आजोबांना कागदावर कोणी काहीही म्हटले, तरी ते स्वतःची सही त्या पानाप्रमाणेच करत राहिले.

बाप्तिस्म्याचा रविवार ठरला की कळव. ते बायबल बरोबर घेऊन येईन, म्हणजे तुझ्या लेकीला ते पान पाहता येईल. हिने बाळासाठी झबले शिवायला घेतले आहे आणि माप विचारते आहे. आम्ही येईपर्यंत तो किती वाढेल याचा अंदाज घेऊन, बोटभर जास्तच धरून कळव.

तुझा,
बालमित्र