फेफऱ्याची गोळी आणि राष्ट्रीय संस्था

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मेंदूविज्ञानाची एखादी राष्ट्रीय संस्था महाराष्ट्रातही व्हावी, असं म्हणणाऱ्यांत मीही आहे. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, बेंगळुरूला निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था आहे. पण ती आली तर तिने नुसती इमारत बांधू नये, म्हणून हे पत्र.

यावलला माझं औषधांचं दुकान आहे. फेफऱ्याची चिठ्ठी घेऊन माणूस येतो. चिठ्ठीवर महिन्याच्या गोळ्या. तो म्हणतो, "पोराले आता काही होत नही भाऊ, चारच गोया दे." काही होत नाही ते गोळीमुळेच, हे सांगेपर्यंत त्याचं अर्धं लक्ष फैजपूरच्या बसकडे. गोळी एकाएकी तोडली की झटके उलटतात, कधी एकामागून एक येतच राहतात. मग रात्री गाडी करून जळगाव. गोळ्यांचे वाचवलेले पैसे भाड्यातच जातात, वर कोणीतरी कांदा हुंगवायला असतोच.

कर्नाटकात हे काम झालेलं आहे. निम्हान्सने बल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर आणि कर्मचारी मनोविकारांबरोबर फेफऱ्याच्याही उपचारासाठी शिकवून तयार केले. १९९६ चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच धर्तीवर निघाला. येळंदूर भागात डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं, की फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन अशा जुन्या, स्वस्त गोळ्या नेमाने पोहोचवल्या तर खेड्यातलंही फेफरं आटोक्यात येतं.

संशोधन म्हणाल तर आमच्याकडे विषय तयार आहे. डुकरातल्या फीतकृमीची अंडी पोटात गेली की त्याच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात आणि झटके सुरू होतात. यासाठी मांस खावं लागत नाही, अस्वच्छ पाण्यावरची न धुतलेली भाजी पुरते. थंडीत आमच्या मळ्यामळ्यांत भरीत होतं. वांगी भाजताना, मिरच्या ठेचताना काय तो थाट! आणि कळण्याच्या भाकरीबरोबरची कांद्याची पात मात्र नुसती झटकून ताटात. खान्देशातल्या किती जणांचं फेफरं या अळ्यांमुळे आहे, हे गावोगाव जाऊन कोणीतरी मोजायला हवं.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. राष्ट्रीय संस्थेने ती जोडून घ्यावीत, तालुक्याच्या डॉक्टरांना आणि आशाताईंना शिकवावं, महिन्यातून एक दिवस ग्रामीण रुग्णालयात फेफऱ्याची ओपीडी चालवावी. आणि त्याच खिडकीवर महिनाभराच्या गोळ्या फुकट द्याव्यात. माझं गिऱ्हाईक तेवढं कमी होईल, होऊ दे.

आपला,
एक औषधविक्रेता,
यावल, जि. जळगाव