गोष्ट म्हणजे वरची रंगरंगोटी नव्हे

महोदय,

थीम पार्कवरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. राइड घडवतो तो अभियंता, गोष्ट ही मागाहून केलेली सजावट, हा त्यातला सूर पटला नाही.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडचे ‘हॉन्टेड मॅन्शन’ (१९६९) ही भुताटकीच्या वाड्याची राइड पाहा. बाहेरून दिसतो तो वाडा केवळ दर्शनी. राइडची खरी इमारत उद्यानाभोवतीच्या रेल्वेरुळांपलीकडे आहे. तिथे पोहोचायचे तर प्रेक्षकांना आधी जमिनीखाली उतरवणे भाग होते. साधी लिफ्टही चालली असती. रचनाकारांनी त्या लिफ्टलाच वाड्यातली खोली केले. दार मिटते, भिंती ताणल्यासारख्या उंच होत जातात, तसबिरींचा दडलेला खालचा भाग हळूहळू उघडा पडतो आणि शांतपणे उभ्या असलेल्या माणसाचे भलतेच चित्र समोर येते. आपण खाली चाललो आहोत हे अनेकांच्या गावीही नसते.

फ्लोरिडातील डिस्ने उद्यानात १९७१ मध्ये उघडलेल्या याच राइडच्या वाड्यात जमिनीखाली उतरण्याची गरजच नव्हती. तरीही ती खोली ठेवली गेली. तिथे छत वर जाते, एवढाच फरक. नुसती सोय म्हणून ती जन्मली असती, तर तिथे ती दिसलीच नसती.

डिस्नेलँडमधल्याच ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या (१९६७) होड्या धबधब्यावरून खाली घसरतात, त्याही रुळांखालून पलीकडे जाण्यासाठीच. होडीतल्या मुलांच्या लेखी मात्र तो चाच्यांच्या गुहेचा रस्ता असतो.

– एक वाचक, ठाणे