वायरमन मामांना, जाहीर आभार

मामा, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी गाडी दुरुस्त झाल्यावर 350 रुपये तुमच्या हातावर टेकवून मी निघालो आणि नीट आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर. तुमचा मुलगा वाचून दाखवेल. ऐकताना तुम्ही ‘एवढं काय त्यात’ म्हणाल, तेही माहीत आहे.

आमची फियाट म्हणजे 1995 ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, वडिलांची. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीनेही निरोप घेतला. तेव्हापासून सिग्नलला लोक हिच्याकडे कौतुकाने बघतात. धक्का मारायला हाक दिली की मात्र तेच लोक घड्याळ बघतात.

वर्षभर तिचं एकच रडगाणं होतं. चावी फिरवली की सेल्फ दोनदा कण्हायचा आणि गप्प. धक्का दिला की दहा पावलांत चालू. पावसात हेडलाइट आणि वायपर एकदम लावले की वायपर काचेवर सरपटायचे. एका गॅरेजने बॅटरी बदलली. आठ महिन्यांनी दुसरी बॅटरी. मग चालत्या इंजिनावर वीज बनवून बॅटरी भरणारा अल्टरनेटर वाइंडिंग करून आणला, नंतर सेल्फच्या मोटरचे कार्बन बदलले. दरवेळी आठ-दहा दिवस सुख, पुन्हा जैसे थे. आता कळतं, ते सुख बाहेरून चार्ज करून बसवलेल्या बॅटरीचं होतं.

माहीमला तुमच्या दुकानासमोर गाडी ढकलत आणली तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, ‘मामा, बॅटरी गेली.’ तुम्ही बॉनेटला हातसुद्धा लावला नाहीत. विचारलंत, ‘सेल्फ मारल्यावर चोकची तार गरम लागते का?’

मी चाटच पडलो. गाडीच्या आतून इंजिनाकडे जाणारी ती तार लागायची खरी गरम! मला वाटायचं, इंजिनाची धग असेल. पण थंड इंजिन असताना कसली धग, हे मनात आलंच नाही.

मग मीटर काढून तो माझ्याच हातात दिलात. बॅटरी स्वस्थ असताना 12.5 व्होल्ट. सेल्फ मारताना 11.4. ‘बॅटरी मेली असती तर नऊच्या खाली आपटली असती,’ तुम्ही म्हणालात, ‘ही उभी आहे. मग सेल्फला करंट कोण पोहोचू देत नाही ते बघू.’ काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल इंजिनाच्या नुसत्या लोखंडावर. मला त्यात काही अर्थ दिसेना. दोन्हीकडे मायनसच, काटा हलेल कशाला? तुम्ही चावी फिरवलीत आणि मीटरवर 3.4 आले. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त. बारातले साडेतीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच जिरत होते.

सेल्फमधून गेलेला करंट इंजिन आणि बॉडीच्या लोखंडातूनच बॅटरीच्या मायनसला परततो. पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं. बॉडीशी त्याचा धड विजेचा संबंध तेवढ्या एका तांब्याच्या विणलेल्या पट्टीचा. ती खाली वाकून दाखवलीत: माहीमच्या खाऱ्या हवेने हिरवी पडलेली, जेमतेम चार-पाच तारांवर लोंबकळणारी, आणि बोल्टखाली कुणीतरी मारलेल्या रंगाचा थर. सेल्फचा करंट मग वाट शोधत चोकच्या तारेतून परतायचा, म्हणून ती तापायची. अल्टरनेटरचंही तेच. त्याच्या बॉडीवर मोजलं तर 14.2, बॅटरीवर जेमतेम 13. तो बिचारा इमानाने बनवत होता, बॅटरीच्या ताटात पडत नव्हतं. दोन वेगळे आजार समजून मी दोन वेगळी बिलं भरली होती.

जम्परची एक वायर इंजिनापासून बॅटरीच्या मायनसला लावलीत आणि पहिल्याच फटक्यात गाडी सुरू. अजून नवी पट्टी बसलीसुद्धा नव्हती! ती बसवताना खालचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केलंत, वर व्हॅसलीन. परत मोजलं: सेल्फ मारताना 0.2, चार्जिंग 14.1.

एकदाच ओरडलात. आधीच्या गॅरेजवाल्याने चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून ‘चार्जिंग आहे’ असं दाखवलं होतं, हे मी सांगितलं तेव्हा. जुन्या डायनॅमोच्या काळातली ती खोड अल्टरनेटरचे डायोड उडवू शकते, हे मला तुमच्याकडून कळलं. आमच्या गाडीचे वाचले, नशीब.

तिसरी बॅटरी तुम्ही मला सहज विकू शकला असता, मामा. मी पैसे काढूनच उभा होतो. पट्टी, घासकाम, मजुरी मिळून 350, आणि वर चहा तुमचाच.

जुनी पट्टी मी मागून घेतली, ती टेबलावर आहे. लॅमिंग्टन रोडवरून एक साधा मीटरही आणला. बिल्डिंगमधल्या दोघांच्या गाड्या तपासून झाल्या. एकाच्या बॅटरीचं टर्मिनलच सैल निघालं. फी घेतली नाही, वडापाव घेतला.

तुमचा,
फियाटवाला

ता. क. तुमचा 13 चा पाना माझ्या डिकीत आलाय. रविवारी सकाळी आणून देतो, तोवर शोधत बसू नका.